डावीकडचा ब्रेक

दर जानेवारीत आमची कंपनी आम्हाला गाडी चालवायला शिकवते.

मी शेतीचे पंप विकतो. अठरा वर्षं स्वतःची चारचाकी घेऊन पुणे, सातारा, कराड, सांगली असा हिंडतोय. महिन्याला तीन हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत. एकदा शिरवळला चहा गार होईपर्यंत हिशेब केला, तर मी चंद्रावर जाऊन परतीच्या वाटेला लागलोय आणि निम्म्याहून जास्त वाट कापलीही आहे. सांगलीच्या एका डीलरचं जुनं पेमेंट मात्र अजून आलेलं नाही.

पूर्वी रस्ता सुरक्षेचा आठवडा असायचा. आता सरकारने त्याचा महिना केला आहे. आमच्या कंपनीने तो महिना एका दिवसात बसवला आहे. पुण्याबाहेर हायवेवरच्या हॉटेलात हॉल घेतात, फुलांचा गुच्छ, प्रोजेक्टर, टेबलावर प्रत्येकासमोर एक पेपरमिंटची गोळी. सकाळी नऊला हजर राहायचं. उशिरा येणाऱ्याची नोंद होते. त्यामुळे सांगलीची पोरं पहाटे साडेचारला निघतात आणि कोल्हापूरचे त्याच्याही आधी. यंदा कोल्हापूरचा एकजण नऊला दोन मिनिटं कमी असताना धापा टाकत आत आला आणि शेजारच्याला म्हणाला, "खंबाटकी कधी आली कधी गेली, कळलंच नाही." मग पहिल्या रांगेत बसून त्याने वेगावर नियंत्रण हा विषय मन लावून ऐकला.

शिकवायला येतात ते सेफ्टीवाले सर मनुष्य म्हणून चांगले आहेत. त्यांनी विचारलं, "गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता?" कुणी ब्रेक म्हणालं, कुणी स्टेअरिंग. उन्हाळ्यात जतचा दौरा करणारा म्हणाला, एसी. सर समाधानाने हसले आणि म्हणाले, "चालक!" आम्ही टाळ्या वाजवल्या. खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते द्यायचं कसं? आमचे साहेब पहिल्याच रांगेत बसले होते, आणि ते उत्तर त्यांच्या हातात होतं. त्यावर ते त्या क्षणी, हॉलमध्ये नसलेल्या एकमेव माणसाला, नाशिकच्या सेल्स ऑफिसरला, विचारत होते: "कुठपर्यंत आलात?"

या प्रश्नाविषयी मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

गाडी चालवणाऱ्याला फोनवर विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. सातारच्या डीलरने विचारलं तेव्हा मी शिरवळमध्ये वडापाव खात असतो. मी सांगतो, "आलोच अण्णा, घाट उतरलो." झालं. आता शिरवळपासून घाट उतरेपर्यंतचं जे अंतर मी तोंडाने कापलं, ते पायाने भरून काढणं आलं. थापेला डिझेल लागतं. शिरवळ ते सातारा साठेक किलोमीटर. ऐंशीने गेलो तर पाऊण तास, शंभरने गेलो तर छत्तीस मिनिटं. म्हणजे जीव मुठीत धरून, दोन ट्रकच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी गाडी काढून, मी नऊ मिनिटं कमावतो. शिवाय ऐंशीचा वेग शंभर केला की गाडीच्या अंगातला जोर पंचवीस टक्क्यांनी नाही, छपन्न टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ब्रेक दाबला की तो सगळा ब्रेकलाच गिळावा लागतो. एवढं सगळं करून दुकानात पोचावं, तर नोकर सांगतो, "मालक जेवायला गेल्यात. बसा." मग मी ती नऊ मिनिटं आणि वर चाळीस मिनिटं पीव्हीसी पाइपांच्या ढिगावर बसून काढतो.

घरून येणारा फोन वेगळा. "पोचल्यावर फोन करा," असं निघताना बजावलेलं असतं आणि पोचायच्या आत तीनदा फोन येतो, पोचलात का म्हणून. मी एकदा म्हटलं, अगं, मी चालवतोय. ती म्हणाली, "मग उचलला कशाला?" याला उत्तर नाही. पण साहेबांचा फोन न उचलण्याची सोय आमच्या नोकरीत नाही. दोन रिंगमध्ये उचलला नाही तर तिसरी रिंग 'माणूस फील्डमध्ये आहे का घरी?' अशा सुरात वाजते. मला तरी तसं ऐकू येतं.

सेफ्टीवाल्या सरांनी फोनचा हिशेब फळ्यावर मांडला होता. ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. एक मेसेज वाचायला पाच सेकंद धरा. एकशे अकरा मीटर. आमच्यातला एकजण तालुक्याला कबड्डी खेळलेला आहे. तो म्हणाला, "सर, कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब. म्हणजे साडेआठ मैदानं डोळे मिटून." हॉलमध्ये सन्नाटा झाला. डोळे मिटून साडेआठ मैदानं आरपार, आणि तीही समोरून मालट्रकांचा संघ चढाईला येत असताना! तेवढ्यात आमच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि बत्तीस फोन एकदम थरथरले. साहेबांनी प्रशिक्षणाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'गाडी चालवताना मोबाइल नको.' पाठोपाठ दुसरा मेसेज: 'सर्वांनी पाच मिनिटांत अंगठा द्यावा.'

कानात यंत्र घातलं की झालं, असं अनेकांना वाटतं. कायदा हातातल्या फोनवर डोळा ठेवतो, पण लक्ष काही हातात नसतं. डीलर "मागच्या स्कीमचे पैसे कधी?" असं विचारतो तेव्हा माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात, नजर रस्त्यावर असते आणि मी स्वतः अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये असतो. अशा अवस्थेत मी एकदा उंब्रजचा फाटा मागे टाकून थेट कराडात निघालो. मधला रस्ता कुणी चालवला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जेवणात पुरी, श्रीखंड, मसालेभात आणि वर अळूची भाजी होती. अडीच वाजता पुढचं सत्र सुरू झालं. विषय: वाहनचालकाची झोप. सर म्हणाले, पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाचं शरीर झोपेकडे झुकतं. पुढचं उदाहरण त्यांना शोधावं लागलं नाही. मागच्या तीन रांगा तोपर्यंत साक्षीपुराव्यासह झुकलेल्या होत्या. एसी चालू, दिवे मंद, पोटात श्रीखंड. गाडीतसुद्धा हेच तर होतं, फक्त खुर्चीला तिथे चाकं असतात.

सर पुढे जे बोलले त्याने मात्र मी जागा झालो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसं जागी ठेवून तपासली. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं गणित, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. आपल्याकडची कायद्याची मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. मी मनातल्या मनात मांडणी केली. पहाटे पाचला उठतो. सांगली करून रात्री साडेदहाला पुण्यात नवले पुलाशी असतो. साडेसतरा तास. म्हणजे मी, माळकरी बापाचा मुलगा, आयुष्यात थेंब न घेतलेला, आठवड्यातून दोनदा कायद्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन घरी येतो. आणि बायको दार उघडताच म्हणते, "डोळे किती लाल झालेत."

मग सरांनी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा काढला, जो २०२५ पर्यंत लागू होता. वाहतुकीच्या धंद्यातल्या चालकाला दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. ऐकून पोरांचे चेहरे उजळले. एकाने हात वर केला, "सर, हे आम्हाला लागू का?" सर म्हणाले, "तुम्ही ड्रायव्हर नाही. तुम्ही ऑफिसर आहात." पदवीचा एवढा तोटा मी याआधी पाहिला नव्हता. दिवसाचे सहा तास स्टेअरिंगमागे काढणारा माणूस ड्रायव्हर असेल तर त्याला विश्रांती मिळते आणि ऑफिसर असेल तर टार्गेट.

आता ॲपची गोष्ट. मागच्या वर्षी कंपनीने आमच्या सुरक्षिततेसाठी फोनमध्ये एक ॲप घातलं. ते गाडीचा वेग बघतं, वळणं बघतं, ब्रेक बघतं आणि संध्याकाळी शंभरपैकी गुण देतं. शाळेनंतर इतक्या वर्षांनी प्रगतिपुस्तक आलं. वेग वाढवला तर पाच गुण गेले. हे रास्त आहे. एकदम ब्रेक मारला तर पाच गुण गेले. याच्यात मात्र गोची आहे. पेठ नाक्याच्या अलीकडे एक म्हैस दुभाजकावर उभी होती. म्हैस ज्या शांतपणे दुभाजकावर उभी राहते त्याच शांतपणे ती खाली उतरते. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. म्हैस वाचली, मी वाचलो, संध्याकाळी ॲपने कळवलं, 'तुमचं ब्रेकिंग सुधारण्यास वाव आहे.' ॲपला म्हैस दिसत नाही. त्याच्या दृष्टीने मी मोकळ्या रस्त्यावर अकारण दचकणारा इसम होतो. दुसऱ्या दिवशी फोन डॅशबोर्डवरून खाली पडला तर पुन्हा पाच गुण कापले. त्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला उभी होती.

थांबलं तरी पंचाईत. पाच मिनिटांवर गाडी थांबली की साहेबांच्या स्क्रीनवर एक केशरी ठिपका उगवतो. डोळे जड झाले म्हणून भुईंजच्या पुढे झाडाखाली वीस मिनिटं पडलो होतो, अकराव्या मिनिटाला फोन आला, "सर्व ठीक ना? बराच वेळ एकाच जागी दिसताय." मी झोपेतून उठून सांगितलं, ठीक आहे सर. आणि ठीक नसतानाही निघालो.

पट्ट्याविषयी मी फार बोलू नये, कारण माझं पोट पट्ट्याच्या आधी दरवाज्यात पोचतं. पण पट्टा चुकवण्यासाठी आपल्या लोकांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी लावली असती तर पंपाचं हवा धरणं कायमचं बंद झालं असतं. टोलनाका दिसला की पट्टा जानव्यासारखा खांद्यावरून नुसता ओढून धरणारे आहेत. पट्टा पाठीमागून आधीच लावून त्याच्यावर बसणारे आहेत. आणि पट्टा नाही लावला म्हणून गाडी टिंग टिंग करते, तर तिचं तोंड बंद करायला नुसतं खोटं बक्कल विकत घेऊन खाचेत खुपसणारेही आहेत. हे बक्कल ऑनलाइन दुकानांत राजरोस मिळत होतं. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ते काढायला लावलं. त्याआधी आमच्या एका डीलरने दिवाळीला मला तेच भेट दिलं होतं, सुक्या मेव्याबरोबर, छान कागदात बांधून. कसली शुभेच्छा म्हणायची ही?

मागच्या सीटचा पट्टा तर शोधावा लागतो. गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात आपण सीटकव्हर चढवतो आणि बक्कलं त्याच्या खाली गाडली जातात. उद्योगपती सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या पुलावर अपघातात गेले, ते मागे बसलेले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हा आठवडाभर सगळ्या महाराष्ट्राला मागच्या पट्ट्याची आठवण झाली. मीही माझ्या गाडीत उत्खनन केलं. दोन बक्कलं, एक खारीक, मुलाच्या पाचवीतल्या कंपासमधला गुण्या आणि २०१६ साली रद्द झालेली पाचशेची नोट सापडली. बक्कलं तेवढी नव्यासारखी चकचकीत होती.

टायरचंही तसंच. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी बांधतो, पण टायर कधी पाहिला, आठवत नाही. टायरच्या खाचेत मधे मधे रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. झीज तिथवर आली की खाच दीड मिलिमीटरच्या आसपास उरलेली असते आणि टायर बदलायचा असतो. हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मला वाटायचं, ती डिझाइन आहे. हवेचं तर विचारू नका. पंपावरचा पोरगा विचारतो, "किती ठेवू?" आणि आपण ऐटीत सांगतो, "नेहमीची." हे मी गाडी नवी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीही सांगितलं होतं. खरा आकडा ड्रायव्हरच्या दारामागे चिकटवलेला असतो, पण दार उघडं ठेवून वाचत बसणं आपल्याला कमीपणाचं वाटतं.

एक पाप कबूल करतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. अनेक वर्षं मी तिथे गाडी न्यूट्रलला टाकत आलो. कंपनी आम्हाला किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. वाचलेलं डिझेल ते आपलं. बोगद्यातून बाहेर पडलं की गिअर काढायचा आणि पुष्पक विमानात बसल्यासारखं खाली यायचं. मालट्रकवालेही तेच करतात. ब्रेक तापतात, लागेनासे होतात, आणि मग नवले पुलावरच्या अपघाताची बातमी येते. माझ्या मेकॅनिकने एके दिवशी सांगितलं, "साहेब, आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेलचा पुरवठा आपसूक तुटतो. न्यूट्रलला इंजिन चालू राहायला उलट थोडं डिझेल पितं." म्हणजे इतकी वर्षं मी जीव टांगणीला लावून वर डिझेलही घालवत होतो. पापाला निदान फायदा तरी असावा!

मेकॅनिकचं हे बोलणं सेफ्टीवाल्या सरांच्या अख्ख्या दिवसापेक्षा माझ्या जास्त डोक्यात बसलं. आणि त्याहून जास्त बसलं एका एसटीच्या ड्रायव्हरचं. खंबाटकीच्या अलीकडे आम्ही एकाच बाकावर चहा पीत होतो. एसटीत पंचवीस वर्षं अपघात न करणाऱ्या चालकांचा सत्कार होतो, तसा त्यांचा झालेला होता. खिशाला बिल्ला होता. माझा फोन वाजत होता, साहेबांचा. तिसऱ्यांदा. ते म्हणाले, "उचला की, काय पेटलंय का बघा." मी म्हटलं, "पोचलात का विचारणार." ते हसले. "आमचा डेपोबी इचारतो, लेट का झाला. त्याला कागदावर लिव्हून देतो. तुमच्यात कागद न्हाई का?" मी म्हटलं, आमच्यात कागद नाही, आमच्यात ग्रुप आहे. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, मागच्या चाकावर दोनदा बूट आपटून पाहिला आणि चाळीस माणसं घेऊन घाटाला लागले, दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या सुखाने. मी त्यांना ओव्हरटेक केलं. सातारला मालक जेवायला गेले होते.

महिन्यातून दोन दिवस साहेब माझ्याबरोबर दौऱ्यावर येतात. याला जॉइंट वर्किंग म्हणतात. साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, एमबीए, मला अहोजाहो करतात. एरवी पुण्यातून फोनवर "अजून शिरवळच?" म्हणणारा हा माणूस डावीकडच्या सीटवर बसला की त्याचं रूपांतर होतं. कात्रजच्या बोगद्यातच ते वरचं हँडल धरतात. समोर ट्रक दिसला, अर्धा किलोमीटर लांब असला तरी, त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जातो. टेम्पो आडवा आला, पाय. कुत्रं, पाय. दूधवाला नुसता हात करून थांबला, तरी पाय. ओठ मिटून, डोळे रस्त्यावर, ते खेड शिवापूरपासून आनेवाडीपर्यंत माझ्या गाडीला सतत ब्रेक लावत असतात. मी साठच्या वर गेलो नाही तरी म्हणतात, "घाई नाहीये हो, सावकाश घ्या. पोचलं की झालं." हे वाक्य त्यांनी फोनवर आयुष्यात उच्चारलेलं नाही.

मागच्या दौऱ्यात घाट चढताना त्यांचा फोन वाजला. त्यांच्या साहेबांचा, मुंबईहून. साहेब सावरून बसले. "येस सर. हो सर. पोचतोच आहोत, सातारच्या बाहेर आहोत." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खंबाटकीचं वळण होतं, खाली खंडाळ्याची घरं दिसत होती, सातारा अजून चाळीसेक किलोमीटर. फोन ठेवून साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा घेता येईल का?" मी ॲक्सिलरेटर दाबला. त्यांनी ब्रेक दाबला. सातारपर्यंत आम्ही असेच गेलो, एकाच गाडीत दोघं, दोन्ही पायांनी.

मागच्या महिन्यात डावीकडची मॅट बघितली, तर टाचेच्या जागी आरपार भोक. नवी साडेचारशेला मिळाली. इतर खर्चात बिल लावलं. कारण लिहायचा रकाना होता, तिथे लिहिलं: 'ब्रेकच्या सततच्या वापरामुळे डावी मॅट झिजली.' आठवड्याने अकाउंट्समधून ते परत आलं. लाल अक्षरांत शेरा होता: 'ब्रेक उजव्या बाजूला असतो. खुलासा करावा.'

मी खुलासा केला: 'साहेब डाव्या बाजूला असतात.'